बारा तिकिटं, पंधरा माणसं

दुप्पटला सगळे दुप्पट म्हणत, पण हे नाव जरा विनयानेच ठेवलेलं होतं. छापील किमतीच्या दुप्पट दराने तो फक्त पडेल नाटकांची तिकिटं विकायचा. चालत्या कार्यक्रमाला तिप्पट, आणि ज्या कार्यक्रमासाठी लोक सख्ख्या भावाच्या घरचं जेवण टाळतात, त्याला पाचपटीपासून पुढे. कोणी तोंडावर काळाबाजार म्हटलं की तो मनापासून दुखावला जायचा.

"मी तिकीट विकतच नाही," तो सांगायचा. "मी पाय भाड्याने देतो. मोठ्या माणसाला रांगेत उभं राहायला वेळ नाही आणि माझ्या माणसांना वेळच वेळ आहे. मी दोघांची गाठ घालून देतो. यात काळं काय आहे ते दाखवा."

त्याची माणसं बारा होती. एक निवृत्त बस कंडक्टर, वर्षातले चार महिने हाताला काम नसलेला एक रंगारी, सगळं आयुष्य एकाच सायकलवर काढलेले दोन भाऊ, उभ्याउभ्या झोपू शकणारा एक गृहस्थ, ज्याला झोपाळू म्हणत, आणि असेच आणखी सात. सभागृहाची खिडकी सकाळी आठला उघडायची. हे बारा जण आदल्या दिवसापासूनच पहिल्या बारा जागा धरून बसायचे. घडीचे स्टूल, पाण्याच्या बाटल्या, आणि कोण किती मिनिटं रांगेबाहेर गेला याची कंडक्टरने ठेवलेली नोंद, असा सगळा शिस्तीचा मामला होता. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या पुढे कोणी लागू शकलं नव्हतं.

मग बाई येणार असं जाहीर झालं.

बाई म्हणजे गायिका. वय सत्तरीपुढचं. या शहरात अकरा वर्षांनी गाणार होत्या आणि यानंतर कुठेच गाणार नाही, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. हे ऐकल्याबरोबर सभागृहाच्या व्यवस्थापकाने मनातल्या मनात पहिल्या रांगेला पाच हजार लावले, त्यात स्वतःच्या घराच्या रंगाचा खर्चही काढून झाला. चौथ्या दिवशी बाईंचं पत्र आलं. सगळ्या जागांना एकच दर, दोनशे. एका माणसाला एकच तिकीट, तेही खिडकीवर येऊन. आणि तिकीट देण्याआधी प्रत्येकाला माझ्या गाण्यांबद्दल एक प्रश्न विचारायचा. प्रश्न मी लिहून पाठवते. उत्तर चुकलं तर त्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहावं.

व्यवस्थापकाने फोन करून बघितला. "पहिल्या रांगेला जरा जास्त ठेवू या का?"

"मी पहिल्या रांगेसाठी जरा जास्त गात नाही," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून आल्या. लोकांना अंदाज यावा म्हणून तिकीटखिडकीवरच्या बाईने, जिला सगळे खिडकीवाली म्हणत, त्यातल्या दोन फळ्यावर लिहून लावल्या. पहिली : नदीच्या गाण्यात मी श्वास कुठे घेते? दुसरी : कुठल्या गाण्यात मला हसू येतं आणि मी ते दाबते?

दुप्पटने रात्रभर नव्हे, पण पुरता एक तास मोबाईलवर शोधाशोध केली. बाईंचा जन्म सापडला, पुरस्कार सापडले, दोन गुडघ्यांच्या शस्त्रक्रियाही सापडल्या. हसू सापडलं नाही. तेव्हा मात्र त्याने एक जुना कोट उचलला आणि तो रफूताईकडे गेला.

रफूताई ड्रायक्लिनिंगच्या दुकानात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसायची. बावीस वर्षं तिचा तोच स्टूल, तोच उजेड. कापडाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढायचा आणि त्याच धाग्याने भोक असं भरायचं की पुन्हा शोधू म्हटलं तर सापडू नये, हे तिचं काम. आणि हे काम करताना बाजूला बारीक आवाजात बाई चालू. कपडे न्यायला येणाऱ्यांना पावतीबरोबर बाईंचं एखादं कडवं ऐकूनच घरी जावं लागायचं. बाईंबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर अख्खी गल्ली या दुकानाकडे बोट दाखवायची.

तिने कोटाचं भोक बघितलं, मग दुप्पटचं तोंड बघितलं.

"अकरा वर्षांपूर्वी मी एकेचाळिसावी होते," ती म्हणाली.

"कशात?"

"रांगेत. तेव्हा एका माणसाला दहा तिकिटं द्यायचे. चाळीस माणसांत सभागृह संपलं. मग तुम्ही कोपऱ्यावर भेटलात. आठपट सांगितलीत."

"हंगाम होता, ताई."

"मी पाचपर्यंत आले होते."

"आठवतंय. माझ्याही जिवावर आलं होतं नाही म्हणताना."

"दिसलं नाही ते तुमच्या तोंडावर."

दुप्पटने कोट बाजूला ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आला. त्याच्याकडे रांगेतल्या पहिल्या बारा जागा होत्या, उत्तरं नव्हती. तिच्याकडे उत्तरं होती, पण दुकानातून रजा नव्हती. ताईने बारा जणांची शिकवणी घ्यावी. फी तिने सांगावी.

"फी नको. दोन तिकिटं द्या. छापील दरात."

"दोन कशाला? तुमचे साहेब तर जहाजावर आहेत."

"नणंदेला."

दुप्पट बघतच राहिला. आजवर त्याने लोकांना नणंदेपासून तीन तास सुटका मिळावी म्हणून तिकीट घेताना पाहिलं होतं. नणंदेला बरोबर नेण्यासाठी कोणी घेतल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं.

पण ताईचा हिशेब साधा होता. नणंदबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडली होती. डावा कान तीन वर्षांपूर्वी पूर्ण गेला. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते की फार तर वर्षभर साथ देईल, आणि त्यातले सात महिने झाले होते. गुडघे असे की त्या दहा मिनिटांच्या वर उभ्या राहू शकत नव्हत्या, मग रांग कुठली. ताई स्वतः रजा काढून उभी राहिली असती तरी तिला एकच तिकीट मिळणार. एक तिकीट घेऊन घरी जायचं म्हणजे दोघींपैकी एकीला घरी ठेवायचं. बाईंना प्रत्यक्ष ऐकायचं तर आत्ता, दोघींनी. पुढे बाईही नाहीत आणि कानही नाही.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नणंदबाई भाजी निवडत होत्या.

"बारातली दोन आपली. मग दहा कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तो विकणार."

"म्हणजे रांगेतले दहा जण घरी जाणार. त्यात एखादी एकेचाळिसावी असेल, वहिनी."

"वन्सं, ती माणसं तशीही पुढेच असतात. मी शिकवलं नाही तर दुसरं कोणी शिकवेल."

"हो का," नणंदबाई म्हणाल्या, आणि डावा कान तिच्याकडे केला. ही त्यांची संभाषण संपवायची पद्धत होती.

ताईला ते लागलं. पण सात महिने संपले होते, पाच उरले होते, आणि या आकड्यांपुढे ते दहा अनोळखी लोक तिला नीट दिसेनात.

शिकवणी दुकानाच्या मागच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की. तीन आठवडे, सहा तास. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सूट डोक्यावर लटकताहेत आणि खाली बारा माणसं आपापल्या घडीच्या स्टुलांवर. दर तासाला प्रत्येकी पन्नास, ते दुप्पट स्वतः येऊन हातावर ठेवायचा, कारण फुकट ऐकायला यातला एकही आला नसता. एवढे पैसे टाकल्यावर माल कसा तयार होतोय ते बघणं भाग होतं, म्हणून तोही दाराशी खुर्ची टाकून बसायचा.

पहिल्या तासाला ताईने एक रफू केलेली पँट फिरवली. "भोक कुठे होतं ते सांगा."

पँट बारा जणांच्या हातातून गेली. कोणाला सापडेना. झोपाळूपर्यंत आली तेव्हा तो तिच्यावर डोकं ठेवून झोपला.

"डोळे मिटा आणि अंगठा फिरवा," ताई म्हणाली.

कंडक्टरने डोळे मिटून अंगठा फिरवला. तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलेला अंगठा तो. गुडघ्याच्या वर चार बोटांवर थांबला. "इथे काहीतरी आहे."

"आहे. आता असंच ऐकायचं. बाईंचा श्वास असाच आत लपवलेला असतो."

दुप्पटला ही पद्धत पसंत नव्हती. त्याने कोपऱ्यात बोलावून सांगितलं, "ताई, उत्तरं पाठ करून घ्या ना. एवढं खोलात कशाला?"

"डब्यात काय काय लिहिलंय हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. मग पाठ काय करून घेऊ?"

हे बिनतोड होतं, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की कोणी बाईंना अर्धवट ऐकलेलं तिला सहन होत नसे. रफू असो की शिकवणी, कच्चं काम तिच्या हातून होणं शक्यच नव्हतं. तिला तिकिटांपुरतं शिकवायचं होतं आणि ती मापाच्या बाहेर शिकवत होती.

तिसऱ्या तासाला पत्राचं गाणं झालं. त्यात तिसऱ्या कडव्याआधी बाई एकदम गप्प होतात. "किती वेळ?" ताईने विचारलं. कोणी चार सेकंद म्हणालं, कोणी पाच. "सेकंद नाही," ताई म्हणाली. "पाकीट फोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. आणि पाकीट फोडायची भीती वाटत असली तर." धाकटा भाऊ थोरल्याकडे बघत होता, थोरला छताकडे.

चौथ्या तासाला माणसं अर्धा तास आधी येऊन बसली होती. दुप्पटने हे समाधानाने वहीत टिपलं. नोकरांना जीव ओतून काम करताना बघून मालकाला जो आनंद होतो, तो त्याला झाला.

पाचव्या तासाला रंगाऱ्याने हात वर केला. "ताई, नदीच्या गाण्यात तुम्ही म्हणता तिथे बाई श्वास घेतच नाहीत. त्याच्या आधीच घेऊन ठेवतात. शिडीवर चढायच्या आधी आम्ही घेतो तसा."

ताईने गाणं मागे नेऊन ऐकलं. पुन्हा मागे नेलं. बावीस वर्षं ती चुकीच्या जागी श्वास ऐकत आली होती. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि तिला झालेला आनंद लपवण्यासाठी तिने उगाच दोन सूट इकडून तिकडे टांगले. तेवढ्यात दुप्पटचा फोन वाजला. एक ठेकेदार होता, चार तिकिटांचा आगाऊ पैसा दिलेला. दुप्पटने फोन कापला. शिकवणी चालू असताना बोलणं बरं दिसत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सोमवारी सकाळी खिडकी उघडली तेव्हा रांग चौकाला वळसा घालून पार पेट्रोलपंपापर्यंत गेली होती. बारा जण आपल्या जागी होते. दुप्पट समोरच्या फोटो स्टुडिओच्या पायऱ्यांवर बसला होता. स्टुडिओ सोमवारी बंद असायचा, त्यामुळे त्या पायऱ्या म्हणजे त्याचं कार्यालय.

खिडकीवालीने डबा हलवला, चिठ्ठी काढली, चष्मा वर केला. कंडक्टर पहिला. त्याला विचारलं, जिन्याच्या गाण्यात शेवटच्या पायरीचं काय होतं? "बाई तिथे जातच नाहीत," कंडक्टर म्हणाला. "एक पायरी ठेवून उतरतात. ती ऐकणाऱ्याने चढायची." खिडकीवालीने चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं उत्तर बघितलं, मग कंडक्टरकडे बघितलं, आणि शिक्का मारला. रंगाऱ्याला नेमका श्वासाचा प्रश्न आला. दोन भावांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या आल्या आणि दोघांनी एकमेकांना न विचारता आयुष्यातली पहिली दोन उत्तरं दिली.

झोपाळूला विचारलं, पत्राच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याआधी मी किती वेळ गप्प असते?

त्याने डोळे मिटले. काही बोलेना. मागचा माणूस खाकरला. हा झोपला, असं समजून खिडकीवाली काचेवर पेनाने टकटक करणार, तोच त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "एवढा."

खिडकीवालीने चिठ्ठी उलटून बघितली. उत्तराच्या जागी बाईंनी लिहिलं होतं : जो आकडा सांगेल त्याला देऊ नये. तिने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावण्याआधी घोटभर पाणी प्यायली.

बारा तिकिटं निघाली. बारा माणसं रस्ता ओलांडून पायऱ्यांपाशी आली आणि अर्धवर्तुळ करून उभी राहिली. दुप्पटने पिशवी उघडून धरली. पिशवीत काही पडेना.

कंडक्टर पुढे झाला. त्याच्या हातात नोटांचं बंडल होतं, रबर लावलेलं. "शेठ, तिकिटांचे बारा दोनशे, चोवीसशे. रांगेत उभं राहायची मजुरी बारा तीनशे, छत्तीसशे. झाले सहा हजार. मोजून घ्या."

"हे काय?"

"परत. शिकवणीच्या तासांचे पन्नास-पन्नास मात्र ठेवलेत. ते शिकायचे होते आणि आम्ही शिकलो. ते काम चोख झालंय."

"आणि तिकिटं?"

बाराही जणांचे हात आपापल्या खिशांवर गेले. मग धाकटा भाऊ म्हणाला, "आम्ही जाणार आहोत."

"कुठे?"

"गाण्याला."

दुप्पटला पहिल्यांदा हे समजलंच नाही. त्याच्या धंद्यात गाण्याला जाणारे वेगळे आणि रांगेत उभे राहणारे वेगळे, अशी व्यवस्था होती. हलवाई आपलीच बर्फी खायला बसत नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला, फोन काढला, ठेकेदाराला लावला आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"एका तिकिटाला दोन हजार देतो," ठेकेदाराचा आवाज पायऱ्यांवर पसरला. "पाहुणे यायचेत माझे. गाणं कोणतं का असेना, पण पुढची जागा पाहिजे."

रंगाऱ्याचे ओठ हलले. दोन हजार म्हणजे शिडीवरचे चार दिवस, आणि सध्या शिडी घरीच होती. त्याने तिकीट खिशातून काढलं. त्याच्याकडे बघून आणखी तिघांनी काढली. दुप्पटच्या जिवात जीव आला.

"नदीचं गाणं म्हणतील का हो बाई?" रंगाऱ्याने कंडक्टरला विचारलं.

"म्हणतील बहुतेक."

"मग त्या ठेकेदाराच्या पाहुण्याला श्वास कळणार आहे का?"

"छे."

रंगाऱ्याने तिकीट परत खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. बाकीचेही तिघे मग आपापल्या खिशांशी खटपट करू लागले.

अशा वेळी रफूताई आली. दुकानात जाता जाता, हातातल्या रुमालाच्या गाठीत शंभराच्या चार नोटा मोजून बांधलेल्या. बारा विद्यार्थ्यांनी तिला घेरलं. प्रत्येकाला आपला प्रश्न सांगायचा होता. झोपाळूने तर आपलं उत्तर पुन्हा करून दाखवलं, आणि ताईचे डोळे भरून आले. कोणत्याही शिक्षिकेला तसा दिवस आयुष्यात एकदा येतो.

"आता माझी दोन द्या," ती दुप्पटला म्हणाली.

दुप्पटने रिकामी पिशवी उलटी करून दाखवली.

"बारातली दोन हिची होती," तो बारा जणांना म्हणाला. "फी म्हणून ठरलेली. एक हिचं, एक हिच्या नणंदेचं, जिचा कान चाललाय. शिकवणी फुकट झाली असं वाटलं होतं काय तुम्हाला?"

हे कोणालाच माहीत नव्हतं. बारा जणांनी एकदम जमिनीकडे बघितलं. एवढं मन लावून शिकवलं नसतं तर आज तिच्या हातात दोन तिकिटं असती, हे प्रत्येकाला कळलं, आणि तिलाही.

"माझं घ्या, ताई," रंगारी म्हणाला. आवाज असा, की ती नाही म्हणाली तर बरं होईल.

"तुझं कसं घेऊ? माझी चूक काढणारा तू." तिने एकेकाकडे बघितलं. "कोणाचं घेऊ मी? राहू दे. तुम्ही जा. मला येऊन सांगा."

ती वळली. चार पावलं गेली असेल.

"थांबा," कंडक्टर म्हणाला. "मध्यंतर आहे ना?"

"आहे की. अर्ध्या तासाचं," दुप्पट म्हणाला.

"बाहेर गेलेला माणूस परत आत कसा येतो?"

"तिकिटाचं अर्धुक दाखवून."

"अर्धुकावर फोटो असतो का?"

इतकी वर्षं धंदा करून हे आपल्याला सुचलं नाही, याचं दुप्पटला मनापासून वाईट वाटत होतं.

कंडक्टर पायरीवर बसला आणि त्याने खिशातून पेन्सिल काढली. "माझ्या बसला चव्वेचाळीस जागा होत्या. एका फेरीत मी सत्तर माणसं बसवून नेली आहेत, आणि एकही उभा नाही. एक उतरला की त्या जागेवर दुसरा. टप्पे पाडायचे. बारा जागा, दोन टप्पे, चोवीस अर्धे. नणंदबाईंना पूर्ण प्रवास, म्हणजे दोन अर्धे गेले. बावीस उरले. माणसं आपण बारा आणि ताई, तेरा. म्हणजे नऊ जण पूर्ण, चौघांना अर्धं."

"मलाही अर्धं," ताई म्हणाली. "नाहीतर मला काहीच नको."

"तुम्ही एक, मी दुसरा. मला नाहीतरी बसायची सवय नाही."

"मला दुसरा टप्पा द्या," झोपाळू म्हणाला. "पहिल्यात माझी झोप होऊ दे."

"मग आपण दोघं एका जागेवर. ताईंच्या जोडीला कोण?"

दोन भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि थोरला पुढे सरकणार, तेवढ्यात दुप्पट खाकरला.

"चौदावा माणूस धरला तर कसं बसेल?" त्याने विचारलं. बुटाच्या टोकाने तो पायरीवरची धूळ गोळा करत होता. "म्हणजे हिशेब म्हणून विचारतोय."

"कोण चौदावा?"

"सहाही तास मी दाराशी बसलो होतो. कान काय घरी ठेवून येत होतो?"

बारा जण हसले. कंडक्टर हसला नाही, त्याची पेन्सिल चालू होती. "बसेल. मग आठ जण पूर्ण आणि सहा अर्धे. दोघं भाऊ एका जागेवर. ताई आणि शेठ एका जागेवर. पण रांगेत तुम्ही उभे नव्हता. प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही."

"विचारा."

कंडक्टरने ताईकडे बघितलं. ताईने विचार केला. "कुठल्या गाण्यात बाई हसू दाबतात?"

दुप्पटने पिशवी खाली ठेवली. मग त्याने जिन्याच्या गाण्यातली एक ओळ गुणगुणली, सुरात म्हणता येणार नाही अशी, आणि एका अक्षरावर त्याचा गळा किंचित हलला. तेच अक्षर होतं.

"द्या याला अर्धं," ताई म्हणाली. फोन परत वाजत होता. दुप्पटने उचलून ठेकेदाराला सांगितलं की माल आलाच नाही, आगाऊ पैसे उद्या घरी आणून देतो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नणंदबाई चौथ्या रांगेत, सभागृहाच्या डाव्या अंगाला बसल्या, म्हणजे उजवा कान रंगमंचाकडे राहील. त्यांच्या उजव्या हाताला ताई. पहिला टप्पा कसा गेला ते ताईला सांगता आलं नसतं. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा तिचा हात नणंदेच्या हातात होता, आणि एरवी दोघींनी असा हात एकमेकींचा ताप बघायलाच धरला होता.

"उठू नकोस," नणंदबाई म्हणाल्या.

"ठरलंय, वन्सं."

बाहेर दाराशी दुप्पट इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. तिने अर्धुक त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि हजारो तिकिटं हाताळलेला हा माणूस ते कुठे ठेवावं हे न कळून तसंच धरून आत गेला.

मग जाड दारं बंद झाली. जिन्याच्या पायऱ्यांवर ताई, कंडक्टर आणि थोरला भाऊ बसले. आतून गाणं येत होतं, पण गोधडीतून यावं तसं. शब्द नाही, सूर अर्धा.

"हे नदीचं," थोरला भाऊ म्हणाला.

"जिन्याचं," कंडक्टर म्हणाला.

"गप्प बसा दोघं," ताई म्हणाली. "पत्राचं आहे. आत्ता थांबतील बघा."

आवाज थांबला. तिघेही श्वास धरून बसले. खूप वेळ गेला. पूर्वीपेक्षा फार जास्त. सत्तरीत पाकीट फोडायला जास्त भीती वाटत असावी. मग कडवं सुरू झालं आणि कंडक्टरने चष्मा काढून पुसला, जरी तो स्वच्छच होता.

दारं उघडली, लोक बाहेर आले. आठ पूर्णवाले, दोन दुसऱ्या टप्प्याचे, सगळे एकदम बोलत होते. नणंदबाई सगळ्यांत शेवटी, दुप्पटच्या खांद्यावर हात ठेवून. दुप्पटचं नाक लाल झालं होतं.

"कुठल्या कानाशी बसवलंस याला?" नणंदबाई ताईवर तडकल्या. "चांगल्या कानाशी? तासभर नाक ओढत होता. शेवटी मी म्हटलं, शेठ, रडा, पण तालात रडा."

"काय काय म्हटलं बाईंनी? शेवटचं कोणतं?" ताईने विचारलं. "आम्हाला दाराबाहेर काही कळेना."

नणंदबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या खूश होत्या, आणि खूश झाल्या की त्यांना व्यवहार सुचायचा.

"सांगेन. पण एवढ्या कष्टाने ऐकलंय, फुकट कसं सांगू?"

"काय घ्याल?"

"महिनाभर रात्रीची भांडी तुझी."

"पंधरा दिवस."

"वहिनी, शेवटचं गाणं तू कधीच ऐकलेलं नाहीस. नवीन होतं."

ताई पायरीवर पुन्हा खाली बसली. कंडक्टर आणि थोरला भाऊही जवळ सरकले.

"महिनाभर," ती म्हणाली. "पण आत्ता सांगायचं, इथेच. आणि ह्या दोघांनाही ऐकू द्यायचं."

"मग दोन्ही वेळची," नणंदबाई म्हणाल्या, दुप्पटच्या खांद्यावरचा हात काढून जिन्याच्या कठड्याला धरून तिच्या शेजारी बसल्या, आणि बेसूर, पण एकही जागा न चुकवता, पहिली ओळ म्हणू लागल्या.